नावापुढची कोरी जागा

एकतीस वर्षं मी देवासच्या एका कारखान्यात नोकरी केली आणि मी तिथे नेमकं काय करतो हे आमच्या गल्लीत शेवटपर्यंत कुणालाच कळलं नाही. शेजारचे शर्माजी विचारायचे, "भिया, मशीन पे हो कि ऑफिस में?" मी म्हणायचो, दोन्हीच्या मधे. आमच्या सुमनने तर हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना सांगूनच टाकलं होतं की हे टायपिंग करतात. मला ते लागायचं. पण खरं काय ते सांगायला बसलं की चहा निवायचा, आणि निवलेल्या चहाचा दोषही माझ्याच माथी यायचा. आता निवृत्त झालोय, मराठी मंडळाने अंकात पानं दिली आहेत, तर एकदाचं सांगून टाकतो.

आमचा कारखाना मोटारी आणि पंप बनवायचा. प्रत्येक पंपासोबत एक पुस्तिका जाते, जी कुणी वाचत नाही आणि पंप बंद पडला की सगळे शोधतात. त्या पुस्तिका मी तयार करायचो, आठ-दहा भाषांत. मजकूर ठेवायचा एक्सएमएल नावाच्या पद्धतीत. नावाला घाबरू नका. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या लावतात ना, ही हळद, हे धने, तसं मजकुराच्या प्रत्येक तुकड्यावर चिठ्ठी लावायची: हे शीर्षक, ही सूचना, हे माप. तो तुकडा लहान दिसेल की मोठा, हे त्यात नसतं, ते वेगळ्या फाइलीत. मग एक प्रोग्राम दोन्ही वाचतो आणि छापण्याजोगी पीडीएफ काढून देतो.

आता खरी मेख. फाँट म्हणजे अक्षरांची पेटी, आणि जगातली सगळी अक्षरं असलेली पेटी कुणाकडेच नसते. संगणकाच्या पडद्यावर हे तुम्हाला कळत नाही, कारण पडदा शेजारधर्म पाळतो. एका पेटीत अक्षर नसलं तर गुपचूप दुसरीतून उसनं आणतो, वाटीभर साखर आणावी तसं. पीडीएफ काढणारा प्रोग्राम मात्र मोठा मानी. त्याला आधी लिहून द्यावं लागतं की ही अक्षरं या पेटीतून घे, ही त्या पेटीतून, आणि पेटी अमुक कपाटात आहे. लिहिलं नसेल तर तो कुणाच्या दारात जात नाही. त्या जागी एक चौकोन ठेवतो. काही फाँटांत तर चौकोनही नसतो, नुसती कोरी जागा सुटते आणि गाडी पुढे जाते.

नोकरीच्या सुरुवातीला आम्ही मराठी पुस्तिका काढली, ती हिंदीसाठी विकत घेतलेल्या फाँटमध्ये. त्या पेटीत 'ॲ' हे अक्षरच नव्हतं. हिंदीत त्याचं काही अडत नाही, आपलं पदोपदी अडतं. छापून गेल्यावर तिकडे महाराष्ट्रातल्या एका फिटरचा फोन आला, "साहेब, चौकोन म्पिअर म्हणजे काय?" ॲम्पिअरचा 'ॲ' गळाला होता. मी साहेबांना जाऊन सांगितलं, तर ते म्हणाले, "यार, स्क्रीन पे तो बराबर दिख रहा है." हे वाक्य मी पुढे तीस वर्षं ऐकलं. माझ्या तिरडीवरही कुणीतरी म्हणेल की स्क्रीनवर तर बरोबर दिसत होता.

त्या दिवसापासून मी दोन नेम केले. एक, 'शंकापान'. आजवर दगा दिलेली सगळी अक्षरं आणि चिन्हं एका पानावर ठेवली, अंशाचं, अधिक-उण्याचं, ओहमचं, आपला 'ॲ', सगळी. कुठलंही काम छापायच्या आधी ते पान काढायचं आणि बोट ठेवून एकेक अक्षर बघायचं. दुसरा नेम तक्रारवहीचा. प्रोग्राम चुकताना गप्प बसत नाही, बाजूच्या एका फाइलीत लिहून ठेवतो की मालक, अमुक अक्षर मला मिळालं नाही. ती फाइल कुणी उघडत नाही. मी रोज शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचो. ऑफिसातली मंडळी मला पाठीमागे शंकाराम म्हणायची, आणि मला ते ठाऊक होतं. पण माझ्या हातून गेलेल्या पुस्तिकांत पुन्हा चौकोन आला नाही, हेही त्यांना ठाऊक होतं.

आणि अशा या शंकारामाने निवृत्तीनंतर काय दिवे लावले ते आता ऐका.

सुमनचे मामा धारला असतात. शाळेत मास्तर होते, सगळे त्यांना नाना म्हणतात. त्यांचं घराणं मूळचं तांब्या-पितळेची भांडी घडवणारं, मराठ्यांच्या दरबाराबरोबर महाराष्ट्रातून इकडे आलेलं. नानांनी घराण्याचा कुलवृत्तांत करायला घेतला. कोण कुठून आला, कुणाला मुलं किती, लेकी कुठे दिल्या, सगळ्या शाखा. पंधरा वर्षं त्यांनी पोस्टकार्डं लिहिली, लग्नामुंजीत जेवण सोडून लोकांच्या जन्मतारखा विचारल्या. दोन ट्रंका कागद जमले. मग एक दिवस मला म्हणाले, "जावईबापू, तुमचं ते पंपांचं तंत्र माणसांना चालेल काय?"

पंपांपेक्षा बरं चाललं. हा मुलगा, हा त्याचा बाप, ही शाखा, चिठ्ठ्या लावलेला मजकूर असाच तर असतो. वर्षभर खपून मी सगळं आत घातलं. नावापुढच्या खुणा नानांनी ठरवल्या होत्या आणि नानांनी ठरवलेलं बदलत नाही. माणूस गेला असेल तर 'कै.', दत्तक असेल तर कंसात 'द'. घर सोडून गेला आणि ठावठिकाणा नाही, तर नावापुढे त्रिकोण. आणि काहीच खूण नसेल तर माणूस हयात आहे आणि त्याचा पत्ता समितीकडे आहे. समिती म्हणजे नानाच.

आता बघा, 'कै.' आणि 'द' ही साधी अक्षरं, मराठी फाँटमध्ये असतातच. त्रिकोण तेवढा चिन्हांच्या वेगळ्या फाँटमधून यायचा. त्याच सुमारास मुलाने मला नवा संगणक घेऊन दिला. मी सगळ्या फाइली हलवल्या आणि चिन्हांची पेटी जुन्या कपाटातच राहिली. प्रोग्रामने तक्रार केली असणार. पण ओळ जरा लांब झाली, शब्द जरा रेटला, असल्या शेकडो किरकिरींनी ती वही भरून जायची, म्हणून कंटाळून मी तक्रारी लिहिणंच बंद करून ठेवलं होतं. शंकापान काढलं नाही, कारण घरचंच काम. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला उभा सोलला असता.

पानं मी धारला पाठवली. नानांनी ती शाखेशाखेला पोस्टाने रवाना केली, सोबत खुणा समजावणारं पत्र, दुरुस्त्या कळवायला माझा पत्ता. त्रिकोण दिसत नाही हे नानांच्याही ध्यानात आलं नाही. कोण कुठे आहे हे त्यांना तोंडपाठ, त्यामुळे ते डोळ्यांनी वाचतच नव्हते. फार माहीत असलेला माणूस मुद्रितं तपासायला कुचकामाचा असतो, हा माझा जुना सिद्धांत आहे.

आठ-दहा दिवसांनी सकाळी दारात एक म्हातारी उभी. नऊवारी, पायात कॅनव्हासचे बूट, एका हातात पिशवी, दुसऱ्यात स्टीलचा डबा. म्हणाली, "कुलवृत्तांत छापणारे तुम्हीच काय? मी धरमपुरीची मथुरा. पहाटेची बस धरली, इंदूरला बदलली."

मी आत बोलावलं. पाणी प्यायली, डबा सुमनच्या हातात दिला. "बेसनाचे आहेत. आधी तोंड गोड करा, मग पत्ता द्या."

"कुणाचा पत्ता, आक्का?"

तिने पिशवीतून पान काढलं. चार घड्या घातलेलं, घड्यांवर मऊ पडलेलं. त्यावर बोट ठेवलं. "वसंताचा. माझा भाऊ. नानांनी पत्रात लिहिलंय, खूण नाही त्याचा पत्ता समितीकडे आहे. ही बघा, खूण नाही."

मी पान हातात घेतलं. वडिलांच्या नावापुढे कै., आईच्या नावापुढे कै., आणि खाली वसंत, त्यापुढे कोरी जागा. जरा जास्तच रुंद जागा. मला एका क्षणात सगळं कळलं. तिकडे ती सांगतच होती. वसंता तिच्याहून सहा वर्षांनी लहान. स्टीलची भांडी आली आणि तांब्याला गिऱ्हाईक राहिलं नाही, तेव्हा तो बापाला म्हणाला, भट्टी विका, स्टीलचं दुकान घालू. बाप तापट. म्हणाला, माझ्या लेखी तू मेलास, जा. तो गेला. चाळीस वर्षं उलटून गेली. बापही गेला, घरही विकलं गेलं. ही लग्न होऊन गावातच होती, म्हणून पानं हिच्याकडे आली.

"दर भाऊबीजेला चंद्राला ओवाळते," ती म्हणाली. "भाऊ नसला की चंद्राला ओवाळतात ना. ढग आले तर चिमणीएवढा आभाळाचा तुकडा बघून ओवाळते. आता पुरे झालं त्याला, चंद्रालाही कंटाळा आला असेल. द्या पत्ता."

सुमन दारात डबा धरून उभी होती. तिने माझं तोंड पाहिलं आणि ती आत गेली नाही.

मी सांगितलं. कसं सांगितलं ते विचारू नका. फाँट, पेटी, कपाट, नवा संगणक, सगळं बडबडलो. कारखान्यात मी हे शंभर लोकांना समजावलं होतं, पण त्या सकाळी माझे शब्द मलाच कळेनात. सगळं झाल्यावर ती म्हणाली, "म्हणजे सापडला नाही."

"नाही, आक्का. माझी चूक झाली. तिथे त्रिकोण यायला हवा होता."

तिने माझ्या हातातून पान घेतलं आणि पुन्हा त्याच घड्यांवर दुमडलं. मला वाटलं रडेल, नाहीतर शिव्या देईल, आणि दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "असू दे. आठ दिवस बरे गेले माझे." मग सुमनला म्हणाली, "बाई, लाडू ठेवून घे. परत कुठे नेऊ ते?"

मला माझी एवढी लाज आजवर कधी वाटली नव्हती. पंपाच्या पुस्तिकेत चूक झाली तर पंप उलटा बसतो, काढून सरळ बसवता येतो. इथे मी एका बाईला आठ दिवस भाऊ दिला आणि नवव्या दिवशी काढून घेतला.

जेवायला बसलो. जेवता जेवता ती म्हणाली, "मग आता असंच राहू दे की. कोऱ्या जागेला काय पैसे पडतात?"

मी म्हटलं, आक्का, ते खोटं होईल. उद्या आणखी कुणी वाचून नानांकडे पत्ता मागेल.

"तेही खरंच," ती म्हणाली. भात कालवत विचार करत राहिली. "पण त्रिकोण नको. रस्त्यावर पुढे धोका आहे म्हणून लावतात तो. माझा भाऊ काय खड्डा आहे? तुमच्या त्या मशीनमध्ये दिवा नाही काय? निरांजनासारखा. बापाने त्याला मेलेला म्हटलं, मी म्हटलं नाही. दिवा लावा त्याच्या नावापुढे."

मी म्हटलं, आहे. खरंच आहे. हल्ली फोनवर दिवाळीला लोक जो पणतीचा दिवा धाडतात, त्यालाही अक्षरासारखाच नंबर असतो. तिला दुपारच्या बसमध्ये बसवलं, आणि दुसऱ्या दिवशी मी धारला गेलो.

नाना भडकले. "कुलवृत्तांत आहे हा, आरत्यांची पुस्तिका नव्हे. त्रिकोण ही शास्त्रीय खूण आहे."

"नाना, मग तुम्ही धरमपुरीला जाऊन आक्काला शास्त्र समजावून या."

नाना उठून ट्रंकेपाशी गेले. वसंताच्या शाखेचे कागद काढले. त्यात आक्काची पोस्टकार्डं होती, वर्षाला एक, प्रत्येकावर तोच प्रश्न, वसंताचं काही कळलं का. नानांनी ती हातात धरली आणि चष्मा काढून पुसला. मास्तर माणूस, हार कबूल करतानाही नियम काढणारच. म्हणाले, "एकट्यालाच दिवा लावाल तर पक्षपात होईल. बेपत्ता आहेत त्या सगळ्यांना लावा. आणि खाली ओळ टाका, माहिती असल्यास कळवावे. तुमचा फोन द्या, मला ऐकू येत नाही."

मला वाटलं होतं दिवा लावणं म्हणजे दोन मिनिटांचं काम. कसलं काय. त्या दिव्याचा नंबर इतका लांबलचक की माझा जुना प्रोग्राम अडखळून बसला, नवा घालावा लागला. मग दिवा असलेला फाँट जोडला तर पानावर पुन्हा कोरी जागा, कारण तो दिवा रंगीत आणि हा प्रोग्राम रंगीत अक्षरं छापत नाही. सुमन म्हणाली, "एवढा जीव काढताय, त्यापेक्षा चित्र चिकटवा." मी तिला समजावलं की चित्र चिकटवलं की ते नावाबरोबर चालत नाही, नाव पुढच्या ओळीत गेलं तर दिवा मागेच राहतो. ती म्हणाली, "मग बसा शोधत." बसलो. शेवटी साध्या काळ्या रेघांनी काढलेला दिवा एका फुकट मिळणाऱ्या फाँटमध्ये सापडला. तो योग्य कपाटात ठेवला, फाइलीत लिहिलं की फक्त या एका अक्षरासाठी ही पेटी. छापला तर दिवा ओळीच्या वर तरंगतोय. आकार जरा कमी केला, तेव्हा नावाशेजारी नीट बसला. आठवडा गेला. तक्रारवही पुन्हा चालू केली, किरकिरींसकट, आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. शंकापानावर 'ॲ'च्या खाली दिवा ठेवला.

आक्काला नवं पान पोस्टाने पाठवलं. उत्तर आलं नाही. मला वाटलं, बरोबर आहे, कशाला लिहील.

गणपतीत पुस्तक निघालं. नानांच्या नातवाने पीडीएफ सगळ्या शाखांना पाठवली, त्यांनी आणखी कुणाला, असं करत ती देवासच्या आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवरही आली. लोकांनी अंगठे दाखवले. वाचलं कुणी असेल असं मला वाटत नव्हतं. कुलवृत्तांतात माणूस आपलं नाव शोधतो आणि बंद करतो.

विसर्जनानंतर दोनेक आठवड्यांनी फोन आला. मुलीचा आवाज. "अंकल, मी नेहा बोलते, टोंकखुर्दहून. माझं माहेर देवास, मम्मीने ती किताब भेजली. मला मराठी बोलता येते, वाचायला जरा अटकते. स्कूल हिंदीचं होतं ना."

मी म्हटलं, बोल बेटा.

"मी तर नुसतं खाली-वर करत होती. एका पानावर दिया दिसला. बाकी नावांना नाही, एकालाच. मला वाटलं हे काय, म्हणून ती लाइन जोड जोडके वाचली. अंकल, ते माझ्या सासऱ्यांचं नाव आहे. त्यांच्या पिताजींचं नाव पण मिळते. गाव धरमपुरी. पण पापाजी तर म्हणतात त्यांचं कोणीच नाही."

मी खुर्चीत सरळ झालो. "ते काय करतात?"

"बर्तनची दुकान आहे. स्टीलची."

मी तिला म्हटलं, पापाजींना काही विचारू नकोस, मी परत फोन करतो. एकदा हात पोळला होता. दुसऱ्यांदा त्या बाईला खोटा भाऊ द्यायचा नव्हता. नानांना विचारलं, त्यांच्याकडे खूण-बिण काही नव्हती. शेवटी आक्कालाच फोन लावला आणि आडून विचारलं, वसंताला ओळखायचं झालं तर कशावरून ओळखायचं, पुस्तकात टिपून ठेवायला.

ती काही कच्ची नव्हती. म्हणाली, "डाव्या भुवईत केस नाहीत. लहानपणी भट्टीतली ठिणगी उडाली होती. मीच पाणी मारलं होतं. कोण विचारतंय?"

"कळवतो, आक्का."

नेहाला फोन केला. डावी भुवई म्हटल्याबरोबर ती म्हणाली, "अर्धीच आहे." मग तिने जाऊन पापाजींना पान दाखवलं. काय झालं ते तिने संध्याकाळी सांगितलं. त्यांनी चष्मा लावून आपलं नाव वाचलं, मग बापाच्या नावापुढचं कै. वाचलं. चाळीस वर्षांत घरात मराठीचा शब्द काढला नव्हता त्या माणसाने. नंतर मराठीतच म्हणाले, "मला वाटलं माझ्या नावापुढे त्यांनी कै. लिहून टाकलं असेल. दिवा कुणी लावला?"

नेहा म्हणाली, खाली अंकलचा नंबर आहे. ते म्हणाले, अंकल कशाला लावेल. ही आक्का असणार.

मला भरून आलं, सांगायला लाज कसली. सुमनला हाक मारून सगळं सांगितलं. एकतीस वर्षं मी अक्षरं त्यांच्या जागी बसवली, आणि एकही अक्षर कुणाच्या घरी जाऊन पोचलेलं मी पाहिलं नव्हतं. हे पोचलं, तेही मराठी धड वाचता न येणाऱ्या पोरीमुळे. चांगलं वाचता येणारे आम्ही सगळे दिव्यावरून सरकून पुढे गेलो असतो.

पुस्तक छापून झालं होतं, म्हणून नानांनी शुद्धिपत्र काढायचं ठरवलं. तीन जन्मतारखा, एक चुकलेलं सासर आणि वसंता. माझ्या आयुष्यातली ही सगळ्यात सोपी दुरुस्ती. फाइल उघडली, त्याच्या नावापुढचा दिवा खोडला, बस. बाकीच्या बेपत्त्यांचे दिवे तसेच ठेवले. एखादा फोन आणखी येईलही, मी मोबाइल आता आंघोळीलाही बाहेर ठेवत नाही. पान काढलं, तक्रारवही वाचली, शंकापान बोट ठेवून तपासलं. सुमन म्हणाली, "खोडलेलं अक्षर तपासायला कशाला हवं हो?" मी म्हटलं, तुला नाही कळायचं.

भाऊबीजेला मी ते पान घेऊन धरमपुरीला गेलो. पोस्टाने पाठवता आलं असतं, पण मला जायचं होतं. आक्काच्या ओसरीवर पाट मांडला होता, आणि पाटावर पांढऱ्या केसांचा, अर्ध्या भुवईचा एक माणूस कपाळाला कुंकू लावून आज्ञाधारकपणे बसला होता. नेहा ताटातला लाडू मोडून मुलाला देत होती. निरांजन अजून जळत होतं. आक्काने मला बसायला सांगितलं, विचारपूस केली नाही, सरळ हात पुढे केला. "आणलंय काय पान?"

मी दिलं. तिने चष्मा लावला. वडिलांच्या नावावर बोट ठेवलं, आईच्या नावावर ठेवलं, खाली उतरली. वसंत. तिथून बोट पुढे नेलं आणि नावापुढच्या कोऱ्या जागेवर थांबवलं. मग मान वर करून मला विचारलं,

"फाँट नीट बसवलाय ना रे?"

"बसवलाय, आक्का."

"नक्की ना? कपाटात-बिपाटात राहिला नाही ना?"

पाटावरचा म्हातारा हसला. म्हणाला, "अगं आक्का, मी इथे बसलोय की तुझ्यासमोर."

"तू गप बस," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "मागच्या वेळीही असंच कोरं होतं."